नवरदेवाच्या गाडीची समोरची पाटी

पडदा वर जातो तेव्हा सानगडीच्या विहारासमोर वैशाखातलं सकाळचं ऊन नुकतंच उतरलेलं आहे. पिंपळाखाली दोन गाड्या समोरासमोर तोंडं करून उभ्या. डाव्या अंगाला पांढरी ॲम्बेसिडर, पोट सुटलेल्या पण रुबाब न सोडलेल्या जुन्या नटासारखी. उजव्या अंगाला निळी, कोरी करकरीत गाडी. तिच्या सीटवरचं प्लास्टिकसुद्धा अजून निघालेलं नाही. दोघींच्या मधे झेंडूचा ढीग, आणि ढिगापाशी उकिडवा बसून माळा ओवणारा गोलू फुलवाला. विहाराच्या भोंग्यावरून गाणी चालू आहेत. बाया हिरव्या-निळ्या साड्यांत इकडून तिकडे धावताहेत, आणि कुणाची तरी पिन सापडत नाही.

ॲम्बेसिडरपाशी फडकं घेऊन उभा आहे तो मंगरू. साठी ओलांडलेला, काटक, दाढी गुळगुळीत घोटलेली, अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा. लांबून पाहणाऱ्याला वाटेल, मोठ्या मायेनं गाडी पुसतोय. जवळ जाऊन पाहिलं तर हात बॉनेटच्या एकाच जागी गोल गोल फिरतो आहे आणि डोळे समोरच्या निळ्या गाडीला चिकटले आहेत.

आज अनुपचं लग्न. अनुप म्हणजे मंगरूच्या मधल्या मेहुणीचा, निर्मलाबाईचा, एकुलता एक मुलगा. वऱ्हाड जाणार होतं वैनगंगेकाठच्या कारध्याला. आणि नवरदेव जाणार होता त्या निळ्या गाडीतून. निळी गाडी विनोदची. विनोद म्हणजे धाकट्या मेहुणीचा, रीनाचा, नवरा. म्हणजे मंगरूचा सख्खा साडू. दुःख काय ते एवढंच, पण मंगरूच्या छातीत त्याला जागा पुरत नव्हती.

हे दुखणं आजचं नव्हे. करडीच्या सासरघरचा पहिला जावई मंगरू. त्याचं बायजाबाईशी लग्न झालं तेव्हा तो एका राइस मिलच्या मालकाची गाडी चालवायचा. सासूनं हौसेनं कोंबडं कापलं, अंगणात खाट टाकून दिली, जावई खूश. पुढं किती तरी वर्षांनी विनोद रीनाला पाहायला आला. जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी, पगारदार माणूस, मोटारसायकलवर बसून आलेला. त्याच्यासाठी शेजारून खुर्ची आणली गेली. कोंबडं नव्हे, बोकडाचं मटण आलं. मंगरू त्या दिवशी खाटेवर बसून रस्सा भुरकत होता आणि खुर्चीच्या पायांकडे पाहत होता. घरी परतताना तो बायजाबाईला म्हणाला होता, "मले कधी खुर्ची देल्ली का व तुह्या मायनं?"

"तुमाले खुर्चीवर बसता येते का?" बायजाबाई म्हणाली होती. "दोन्ही पाय वर घेऊन बसता. खुर्ची पडली असती."

तिच्या बोलण्यात तथ्य होतं. म्हणूनच ते जास्त लागलं.

मग एका सरकारी कार्यालयाच्या लिलावात मंगरूनं ही ॲम्बेसिडर घेतली आणि त्याच्या आयुष्यात पहिल्यांदा सगळे दिवे त्याच्यावर आले. दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे जत्रेच्या, दिवसांत गावोगावी नाटकं लागत. नागपूरहून येणाऱ्या नटनट्यांना मंगरूच नेऊन सोडायचा. गाडी तंबूमागं थांबली की पोरं धावत यायची. आधी गाडीला हात लावायची, मग नटीकडे पाहायची. मंगरू दार उघडून बाजूला असा उभा राहायचा की नाटकात काम कुणाचं आहे ते नवख्याला कळू नये. आणि लग्नसराईत? नात्यातला प्रत्येक नवरदेव त्याच्याच गाडीतून गेला. डोक्याला फेटा, गळ्यात हार, शेजारी करवली, आणि पुढच्या सीटवर मान ताठ करून मंगरू. विनोद गुरुजी मागच्या बसमध्ये वऱ्हाडासोबत, गुडघ्यांत पिशव्या धरून. आरशात ती बस दिसली की मंगरूला गाडीचा हॉर्न उगीचच वाजवावासा वाटे, आणि तो वाजवीही.

अनुपचं तर निराळंच होतं. पोर दुसरी-तिसरीत असताना त्याचा बाप गेला. मंगरूला तो 'मोठे बाबा' म्हणायचा. सुट्टीत सानगडीच्या तलावाच्या पाळीवर, रस्ता मोकळा बघून, मंगरू त्याला मांडीवर बसवून स्टिअरिंग धरू द्यायचा. "मोठे बाबा, माह्या लग्नात हेच गाडी पाहिजे," असं ते पोर म्हणायचं आणि मंगरू गंभीरपणे म्हणायचा, "आधी नाकाचा शेंबूड पूस, मंग पाहू." मंगरूची पोरगी लग्न होऊन नागपूरकडे गेली. मुलगा नव्हता. जे काही मांडीवर बसवायचं होतं ते त्यानं या एका पोराला बसवलं.

आणि यंदा, होळीच्या सुमारास, विनोद ही निळी गाडी घेऊन सानगडीला आला.

पेढ्यांचा डबा पुढं करत रीना म्हणाली, "भाऊजी, घ्या. आता तुमच्या म्हातारीले आराम द्या. अनुपले आमी घेऊन जातो. ह्या गाडीत एसी आहे, वरून छत उघडते."

"छत उघडून काय करतं? पाखरं पकडतं का?" मंगरू म्हणाला. पेढा मात्र त्यानं घेतला.

विनोद तोवर ॲम्बेसिडरच्या पुढं जाऊन उभा होता. शिक्षक माणूस, बोट दाखवून बोलायची सवय. त्यानं समोरच्या नंबराच्या पाटीवर बोट ठेवलं. "भाऊ, खरं सांगू? मनाले लावून घेऊ नका. तुमची गाडी लग्नात चालतच नाही. ही पाटी नियमात बसत नाही. आता सरकारनं सगळ्या जुन्या गाड्यांना नवी पाटी सांगितली आहे. शिक्क्याची. पुढं एक, मागं एक. ही रंगवलेली चालत नाही. त्यात तुमचे आकडे मराठीत! नवरदेव घेऊन निघाल, रस्त्यात धरलं तर पोराचं लग्न तिकडं राहीन."

ती पाटी चिंधू पेंटरनं रंगवलेली. नाटकांचे बोर्ड रंगवणारा चिंधू. त्यानं आकड्यांनासुद्धा बोर्डावरच्या अक्षरांसारखी सावली दिली होती. लांबून वाटे, आकडे पाटीवरून उठून प्रेक्षकांत येताहेत. मंगरूला ती पाटी गाडीच्या कपाळावरच्या कुंकवासारखी वाटायची. आणि त्याच कपाळावर साडूनं बोट ठेवलं होतं.

"मंग नवी पाटी लावली तर चालते ना?" मंगरूनं विचारलं.

"चालते ना. पण तुम्ही कवा लावाल?"

मंगरूनं लावली. शेजारच्या पोरीकडून मोबाइलवर नाव नोंदवलं आणि तारीख आली तसा साकोलीला गेला. पाटी बसवायला तिथं एक तरतरीत पोरगी होती, हातात रिव्हेट मारायचं यंत्र घेतलेली. तिनं चिंधूची पाटी काढून मंगरूच्या हातात दिली आणि समोर कोरी, चकाकती, कोपऱ्यात शिक्का असलेली पाटी ठोकून बसवली. तशीच एक मागं.

"काका, ही आता निघत नाही हं. ओढून काढाल तर तुटते, मग नवीन मागवा लागते. आणि ऐका, समोरची पाटी कशानेच झाकाची नाही. हार नाही, रिबीन नाही, लेकराचं नाव नाही, दादा-बाबा नाही."

"लग्नात तं चालत असन ना? नवरदेवाची गाडी?"

"लग्नात पण नाही. लोकं लग्नातच झाकतात अन् लग्नातच सापडतात."

मंगरूनं मान डोलावली. हे वाक्य त्यानं मनात नीट ठेवून दिलं, जसा नट आपल्या वाट्याचं एकुलतं एक वाक्य ठेवतो. परत येताना चिंधूची पाटी शेजारच्या सीटवर उताणी पडली होती. मंगरूला वाईट वाटलं, पण अनुपसाठी ते चालणार होतं. आता गाडी नियमात बसत होती. आता कोण बोट ठेवतं बघू.

तो तसाच निर्मलाबाईच्या दारात गेला. हॉर्न वाजवला. निर्मलाबाई पापड वाळवत होती, ती पदराला हात पुसत बाहेर आली.

"पाय निर्मला, नवी पाटी. कायद्यात एकदम फिट. आता अनुपले मीच नेतो."

निर्मलाबाईचा चेहरा पडला. तिनं इकडं तिकडं पाहिलं. "भाऊजी... मी रीनाले हो म्हणून बसली ना गा. तिनं लय आग्रह केला. अन् उन्हाळा आहे, पोराचा कोट घामानं भिजन, असं ते म्हणे. तुमी राग नोका मानू. तुमच्या गाडीत मी बसतो, बायजा बसन."

"हो हो. बसा ना." मंगरू म्हणाला. त्याचा आवाज चांगला निघाला. स्टेजवर एखादा नट वाक्य विसरतो आणि तरी हसत उभा राहतो, तसा तो दोन क्षण उभा राहिला. मग गाडीत बसला आणि गिअर चुकीचा पडला.

त्या दिवसापासून निळी गाडी त्याच्या जेवणात येऊ लागली, झोपेत येऊ लागली. गावात कुणी म्हटलं, "विनोद गुरुजींची गाडी भारी आहे," की मंगरू म्हणायचा, "गाडी चांगली आहे, डायवर कच्चा आहे." कुणी म्हटलं, "छत उघडते म्हणे," की तो म्हणायचा, "उघडते, पण पाऊस आला तर बंद होईन का, हे कोणी पाह्यलं?" बायजाबाई ऐकून ऐकून कंटाळली. "तुमच्या पोटातला इस्तव इझवाले वैनगंगा पुरणार नाही," ती म्हणाली.

आता पुन्हा विहारासमोर या. ऊन चढतं आहे. गोलूच्या माळा ओवून झाल्या. त्यानं निळ्या गाडीचं बॉनेट झेंडूनं सजवलं, आरशांना गजरे बांधले. शेवटी त्यानं एक पाटी आणली. थर्माकोलची, पांढरी, तिच्यावर निळ्या चकचकीत कागदाची कापलेली अक्षरं: 'अनुप – दीपमाला, मंगल परिणय'. कडेला बारीक बारीक पिंपळपानं. ती नवरीनं स्वतः बनवून पाठवली होती. दीपमालेनं कारध्याहून निरोप धाडला होता, 'गाडीवर समोर लावा, मी दारातून पाहीन.'

गोलू पाटी हातात धरून निळ्या गाडीपुढं वाकला. मग सरळ झाला. मग पुन्हा वाकला.

"मंगरूकाका, कुठं लावू? बॉनेटवर लावली तं हार झाकते. जाळीवर लावली तं खाली नंबर अर्धा दिसते, अर्धा नाही. अजीब दिसते."

या बाबतीत सगळा गाव मंगरूला विचारायचा. नवरदेवाची गाडी सजवायची तर त्याच्या शब्दापुढं कुणी जात नसे. विनोद तेव्हा आंघोळीला गेला होता. रीना केसांत गजरा माळत होती. दोन गाड्यांच्या मधे गोलू आणि मंगरू एवढे दोघेच.

मंगरूला साकोलीची ती पोरगी आठवली. तिचं वाक्य जसंच्या तसं ओठांवर आलं. बोलायचं तेवढं बाकी होतं.

त्यानं निळ्या गाडीकडे पाहिलं. तिच्या काचेत पिंपळ दिसत होता, आभाळ दिसत होतं, आणि कोपऱ्यात स्वतः मंगरू, हातात फडकं घेतलेला.

"थोडी खाली घे," तो म्हणाला. "अजून खाली. हां. नंबर पुरा झाकू दे. अर्धवट दिसला तं घाण वाटते. अन् पक्की बांध, रस्त्यात उडाली नाही पाहिजे."

गोलूनं जाळीतून तार घातली, दोन्हीकडून पीळ दिला, वरून चिकटपट्टी मारली. पाटी बसली. खरंच शोभून दिसत होती. मंगरू दोन पावलं मागं गेला आणि मान तिरकी करून पाहिलं. "एक नंबर," तो म्हणाला, आणि फडकं खांद्यावर टाकून आपल्या गाडीत जाऊन बसला.

वऱ्हाड निघालं. बस आधीच पुढं गेली होती. लग्न लावणाऱ्या भन्तेजींनी निक्षून सांगितलं होतं की दुपारी त्यांना दुसरीकडं लग्न आहे. वेळेत आलात तर मीच लावीन, नाही आलात तर तुम्ही आणि तुमचं नशीब. विनोदची गाडी समोर, तिच्यात फेटा बांधलेला अनुप, रीना आणि अनुपचा एक मित्र. मागं मंगरूची गाडी, तिच्यात बायजाबाई, निर्मलाबाई आणि पुढं गोलू, मांडवासाठीची फुलं मांडीवर घेऊन. महामार्गाला लागल्यावर विनोदनं छत उघडलं. अनुपचा फेटा थोडा वर आला. निर्मलाबाई हसली. "पाय व बायजा, राजावाणी दिसून राहिला."

मंगरूला आतून बरंही वाटत होतं आणि बरं वाटतं आहे याची भीतीही वाटत होती. कदाचित कुणी धरणारही नाही, असं एकदा वाटलं. तसं झालं तर बरं, असंही वाटलं. मग निळ्या गाडीनं एका ट्रकला सहज मागं टाकलं आणि त्याची ॲम्बेसिडर ट्रकच्या धुरात अडकली, तेव्हा हे सगळं पुन्हा उलटलं.

लाखनीच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला, बाभळीच्या सावलीत ट्रॅफिकवाले उभे होते. त्यातल्या जमादारानं निळ्या गाडीला हात केला.

मंगरूनंही गाडी मागं थांबवली.

"लग्नाची गाडी आहे साहेब," विनोद काच खाली करून म्हणाला. "जय भीम. थोडी घाई आहे."

"जय भीम. लग्नाची आहे ते दिसते. नंबर दिसत नाही."

"मागं आहे ना, साहेब."

"मागचा मागं. समोर कुठी आहे?"

विनोद उतरला, पुढं आला आणि त्यानं पहिल्यांदाच नीट पाहिलं. त्याचा चेहरा बदलला. पण गुरुजी माणूस, मागं कसा हटेल? "साहेब, आज एका दिवसापुरतं आहे. उद्या काढतोच. लग्नात सगळेच लावतात."

"म्हणूनच सगळ्यांनाच धरतो. लग्न माणसाचं आहे, गाडीचं नाही," जमादार शांतपणे म्हणाला. "समजा तुमची गाडी कोणाले ठोकून गेली. समोरून पाहणारा काय लिहून देईन आमाले? अनुप-दीपमालानं ठोकलं म्हणून?"

त्याच्यासोबतचे दोघे हसले. विनोद लाल झाला. "मी शिक्षक आहे. कायदा मलाही समजते."

"मंग तं तुमाले दुप्पट समजाले पाहिजे होतं, गुरुजी. आधी पाटी काढा, मंग चालान. मंग जा."

विनोदनं दोन्ही हातांनी पाटी ओढली. तार पक्की होती. मंगरूनंच पक्की बांधायला लावली होती. विनोदनं रागानं हिसका दिला आणि थर्माकोल मधून तुटला. 'अनुप' त्याच्या हातात आलं. 'दीपमाला' खाली डांबरावर पडलं आणि मागून गेलेल्या ट्रकच्या वाऱ्यानं गटाराच्या कडेला जाऊन थांबलं.

अनुप उतरला. कोट, फेटा, गळ्यात हार, तसाच गेला आणि तो तुकडा उचलून आणला. दोन-तीन पिंपळपानं मोडली होती, ती अंगठ्यानं जागेवर दाबून पाहत होता. बसत नव्हती.

चालानच्या मशीनला नेटवर्क मिळेना. जमादार मशीन उंच धरून झाडाखालून उन्हात, उन्हातून झाडाखाली. निर्मलाबाईचा जीव खालीवर व्हायला लागला. "भन्तेजी निघून जातीन ना गा! अनुप, तू उतरलाच आहेस तं इकडे ये. भाऊजींच्या गाडीत बस. विनोद येतीन मागून."

आणि अनुप आला. बायजाबाई सरकली, निर्मलाबाई सरकली, मागचं दार उघडलं, आणि नवरदेव ॲम्बेसिडरमध्ये बसला. मंगरूनं आरसा थोडा तिरपा केला. आरशात फेटा दिसला, फेट्याखाली ते नाक दिसलं. सगळं जसं पाहिजे तसं. इतकी वर्षं जे दृश्य मनात मांडून ठेवलं होतं ते समोर मांडलेलं होतं, दिवे लागलेले, पडदा वर गेलेला. फक्त किल्ली फिरवायची.

बाहेर विनोद गोलूवर तुटून पडला होता. गोलूला त्यानं दार उघडून, हाताला धरून बाहेर काढलं होतं. "बह्याड आहेस का बे? डोळे कुठी होते? इतक्या लग्नाच्या गाड्या सजवतं, नंबर झाकू नये हे समजत नाही? एक रुपया देणार नाही तुले! अन् सानगडीत कोणी तुह्या हातून फूल घेईन का, तेही पाहतो मी!"

गोलू चाळिशीचा माणूस, दोन पोरींचा बाप. त्यानं मान खाली घातली. एकदाच, क्षणभर, त्यानं गाडीत बसलेल्या मंगरूकडे पाहिलं, आणि नजर काढून घेतली. मंगरूकाकाचं नाव घेणं त्याला जमलं नाही.

आरशात अनुप त्या तुकड्यावर बोट फिरवत बसला होता.

मंगरूनं किल्लीवरचा हात काढला. दार उघडलं. ॲम्बेसिडरचं दार उघडताना नेहमी जसा आवाज करतं तसा आवाज झाला आणि सगळ्यांनी वळून पाहिलं.

"गोलूले सोड, विनोद. त्याले मी सांगलो होतो."

"काय सांगितलं?"

"पाटी खाली घे म्हटलो. नंबर पुरा झाकू दे म्हटलो. मले माहीत होतं. साकोलीले पाटी लावणाऱ्या पोरीनं मले सांगलं होतं, लग्नातबी चालत नाही म्हणून."

रस्त्यावरून एक बस हॉर्न देत गेली. बायजाबाईनं तोंडावर पदर घेतला. रीना निळ्या गाडीतून डोकं बाहेर काढून पाहत होती. तिचं तोंड उघडंच राहिलं.

"काहून, भाऊ?" विनोदनं विचारलं. आवाज शिक्षकाचा नव्हता.

"जळलो. दुसरं काय? तुही गाडी पाहून जळलो." मंगरू जमादाराकडे वळला. "साहेब, चूक माही आहे. चालान माह्या नावानं फाडा."

जमादार मशीन खाली करून म्हणाला, "काका, चालान गाडीच्या नावानं फाटते. जळणाऱ्याच्या नावानं फाडाले लागलो तं मले जिल्हाभर फिरा लागन."

त्याच वेळी मशीन कुरकुरली आणि कागद बाहेर आला. विनोदनं तो घेतला, घडी केली, खिशात टाकला. मग तो मंगरूसमोर येऊन उभा राहिला. आता हात उचलतो की काय असं गोलूला वाटलं.

"भाऊ," विनोद म्हणाला, "प्रत्येक लग्नात मी बसमध्ये बसलो. बायकोसमोर, सासऱ्यासमोर. गुडघ्यात लोकायच्या पिशव्या घेऊन. तुमी आरशात पाहून हॉर्न वाजवत होते, ते मले समजत नव्हतं का? तवा मी कवा तुमची पाटी झाकली का? सांगा."

मंगरूनं सदऱ्याची बाही सरळ केली. ती आधीच सरळ होती.

"तुमा दोघायले भांडाले घरी जागा नव्हती का?" निर्मलाबाई गाडीतून रडकुंडीला येऊन ओरडली. "माह्या पोराची हळद निघून राहिली उन्हात!"

अनुप केव्हा खाली उतरला ते कुणी पाहिलं नव्हतं. तो दोन्ही गाड्यांच्या मधे आला. एका हातात 'अनुप', तो विनोदनं सोडलेला तुकडा त्यानं उचलून घेतला होता, दुसऱ्या हातात 'दीपमाला'. दोन्ही त्यानं गोलूच्या हातात दिले. "गोलूदादा, मांडवात चिकटवून देजो. आतमध्ये लाव, गाडीवर नोको."

"हो बाबू. एकदम पक्की लावतो," गोलू म्हणाला आणि लगेच गप्प झाला.

मग अनुप मंगरूकडे वळला. चेहऱ्यावर राग होता की नव्हता, मंगरूला कळेना. इतक्या जवळून या पोराकडे बघायची त्याला हिंमत होत नव्हती. हेच पोर मांडीवर बसून स्टिअरिंग धरायचं आणि वळण आलं की घाबरून 'मोठे बाबा, तुमी धरा' म्हणायचं.

"मोठे बाबा," अनुप म्हणाला, "आता दोन्ही गाड्या मोकळ्या आहेत. दोघींचेही नंबर दिसतात. तुमीच सांगा, मी कोणाच्या गाडीत बसू?"

"अनुप, चल बाबू, उशीर होते," रीना म्हणाली.

"थांब ना मावशी. मोठे बाबा सांगतीन तिथं बसतो."

विनोद दुसरीकडं पाहत होता, जणू लाखनीच्या शेतात काहीतरी फार महत्त्वाचं चाललं आहे. बायजाबाई नवऱ्याकडे पाहत होती. जमादारही, काही काम नसताना, थांबला होता.

मंगरूनं आपल्या गाडीकडे पाहिलं. उघडं दार, मागच्या सीटवर नवरदेवाची रिकामी जागा, तिथं त्याच्या हारातून गळलेली दोन फुलं. कबूल केलं म्हणून जळणं कुठं गेलं नव्हतं, तिथंच होतं, तितकंच ताजं. हो म्हणायचा अवकाश होता. पोरगा बसला असता. पण बसमधले ते गुडघे आणि त्या पिशव्या आता त्याच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हत्या.

त्यानं अनुपच्या कोटावरची धूळ झटकली. फेट्याचा सुटलेला पदर आत खोचला. विनोदकडे न पाहताच तो ॲम्बेसिडरकडे चालू लागला, दारापाशी थांबला आणि वळून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "बस विनोदच्या गाडीत. पण समोर माही गाडी राहीन, हे आत्ताच सांगून ठेवतो."